वंगण

बैलगाडीच्या काळात गाडीखाली वंगणाचे एक बांबूचे नळकांडे टांगलेले असे. त्यात तेल आणि तेलात मुरलेल्या चिंध्या असत. लांबच्या वाटेवर चाक करकरू लागले की गाडीवान खाली उतरे, चाक किंचित बाहेर ओढी आणि आसावर वंगणाचा हात फिरवी. पुन्हा गाडी चालू लागे. त्या नळकांड्याकडे कोणी कौतुकाने पाहत नसे. बैलांच्या शिंगांना रंग लागे, गळ्यात घुंगुरमाळा येत. वंगणाच्या नळकांड्याच्या वाट्याला केवळ काळवंडणे येई. तरीही त्याच्यावाचून गाडी गावाची शीव ओलांडत नसे.

घर्षणाशी माणसाचे हे भांडण फार जुने आहे. सुमारे ३९०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन थडग्यातील चित्रात एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढून नेताना दाखवला आहे. ओढणारे शेकडो आहेत. पण गाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून वाटेवर द्रव ओतणारा माणूस एकच आहे. पुढे १७९४ साली वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे. आज रस्त्यावरून धावणाऱ्या बहुतेक मालट्रकांच्या चाकांत असेच निमुळते रूळ फिरत असतात. साधने बदलली, पण त्या रुळांच्या आणि पोलादाच्या मधे वंगणाचा पातळ थर असावा लागतो, ही गोष्ट काही बदलली नाही.

मुंबई–आग्रा महामार्गावर, घोटीच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराचे एक गॅरेज आहे. श्रावणात तिथे पाऊस उभा राहत नाही, आडवा येतो. समोर भातखाचरे तुडुंब भरलेली असतात आणि कळसूबाईची रांग दिवसचे दिवस ढगांत हरवलेली असते. गॅरेजचे मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांच्या हाताखाली एक सतरा वर्षांचा मुलगा काम शिकत होता. नववीत शाळा सुटलेली, हात मात्र चपळ. तो मिस्त्रींना वस्ताद म्हणे आणि मिस्त्री त्याला नुसतेच ‘पोरा’ म्हणत.

अशाच एका संध्याकाळी कांद्याने भरलेला एक ट्रक गॅरेजसमोर येऊन थांबला. लासलगावहून निघालेला तो माल दुसऱ्या दिवशी पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचायचा होता. चाळीत राखून ठेवलेला उन्हाळ कांदा. वर ताडपत्री ताणून बांधलेली. ड्रायव्हर खाली उतरला तो घाईतच.

“मिस्त्री, पुढून घूं घूं आवाज येतोय. टायरचाच असेल. पण पुढं कसाऱ्याचा घाट उतरायचाय, म्हणून म्हटलं एकदा दाखवावं.”

मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. आधी ते छपराखाली ड्रायव्हरला घेऊन बसले. जाणता वैद्य नाडी धरण्याआधी रोग्याला बोलते करतो, तशी त्यांची रीत होती.

“आवाज कधीपासून आहे?”

“दोन-तीन दिवस झाले. आज वाढलाय.”

“वेग वाढला की वाढतो? गिअर बदलला, क्लच दाबला तर फरक पडतो का?”

“वेगाबरोबर वाढतो. क्लचनं काही होत नाही.”

“आणि वळणावर?”

ड्रायव्हर क्षणभर थांबला. मग आठवून म्हणाला, “डाव्या वळणावर जास्त येतो. उजवीकडं वळलं की कमी होतो.”

मिस्त्रींनी मुलाकडे पाहिले. मुलाला उत्तर ठाऊक होते. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या अंगावर कलतो. डाव्या वळणावर आवाज वाढत असेल, तर दुखणे उजव्या चाकात असण्याचा संभव अधिक. टायरचा आवाज रस्ता बदलला की बहुधा बदलतो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगचा आवाज मात्र रस्ता पाहत नाही, तो फिरण्याचाच असतो.

“गाडी पाण्यातून गेली होती का?” मिस्त्रींनी विचारले.

“गेल्या सोमवारी. एका फरशीवर पाणी होतं, चाकाच्या तुंब्याच्या वर. लांबून आलो होतो, थांबायला वेळ नव्हता. हळूहळू काढली.”

मिस्त्री उठले. त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ आळीपाळीने तळहाताची मागची बाजू नेली. आत काय तापले आहे हे ठाऊक नसताना धातूला एकदम बोटे लावायची नसतात. डावे हब कोमट होते. उजव्यातून धग येत होती. मुलाने विचारले, “वस्ताद, बेअरिंगच ना?”

“नुसत्या तापण्यावरून बोलू नये,” मिस्त्री म्हणाले. “ब्रेक चिकटला तरी चाक तापतं. जॅक लाव.”

मागच्या चाकांना दगड लावून पुढचा उजवा कोपरा उचलला गेला. मिस्त्रींनी चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवले. चाकात खेळ होता. पण असा खेळ किंग पिनमधूनही येऊ शकतो. म्हणून त्यांनी ड्रायव्हरला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि चाक पुन्हा हलवले. आता खेळ नाहीसा झाला. ब्रेकने चाक आणि आस एकमेकांना धरून ठेवले तेव्हा हालचाल थांबली. म्हणजे सैलपणा त्या दोघांच्या मधेच, बेअरिंगमध्ये होता. ब्रेक सोडल्यावर त्यांनी चाक हाताने फिरवले. ते ब्रेकला अडत नव्हते. मात्र जात्यात खडा यावा तशी आतून खरखर येत होती.

“चाक उतरवावं लागेल,” मिस्त्री म्हणाले.

“सकाळी उतरवून चालणार नाही का? एवढी खेप टाकून येतो,” ड्रायव्हरने विनवले.

“पाव्हणं, सपाटीवर असतं तर विचार केला असता. खाली घाट आहे, गाडी भरलेली आहे. बेअरिंग आत धरलं, तर चाक तुमच्या हातात राहणार नाही.”

हबची टोपी निघाली. स्प्लिट पिन, नट, वॉशर, मग बाहेरचे बेअरिंग. आणि शेवटी हब सावकाश बाहेर आले. मिस्त्रींनी दिवा जवळ घेतला. इथून पुढे त्यांचे पाहणे म्हणजे एक प्रकारचे वाचणेच होते.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म जाळीत धरून ठेवलेले तेल. जाळी तेलाला सांभाळते, तेल पोलादाला सांभाळते. ज्या दिवशी ही जाळी विस्कटते, त्या दिवसापासून चाकाचे आयुष्य उतरणीला लागते. ते का विस्कटले, हे ग्रीस स्वतःच सांगते. फक्त ऐकणारा हवा. मूळचा रंग निळा, लाल, पिवळा कसाही असू शकतो, त्यावरून गुण ठरत नाही. पण तो बदलून काय झाला आहे, याला अर्थ असतो. ग्रीस काळे आणि करपट वासाचे झाले असेल, तर ते तापून जळले आहे. सुकून खापरीसारखे झाले असेल, तर त्यातले तेल निघून गेले आहे. पातळ होऊन ब्रेकच्या ड्रमकडे वाहिले असेल, तर बहुधा सील गेले आहे, गरजेपेक्षा अधिक ग्रीस भरले गेले आहे किंवा एकमेकांशी न जुळणारी दोन ग्रीस एकत्र आली आहेत. आणि ते दुधट, घुसळलेल्या ताकासारखे दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे.

उजव्या हबमधले ग्रीस दुधट राखाडी होते. मिस्त्रींनी त्यातले थोडे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेऊन चोळले आणि दिव्यासमोर धरले. बोटांवर चांदीच्या वर्खासारखी बारीक चकाकी उमटली. ती पोलादाची होती. रूळ झिजून ग्रीसमध्ये उतरले होते. रुळांवर निळसर झाक होती आणि आतल्या कडीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

“पाणी,” मिस्त्री म्हणाले. “तापलेलं हब एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढते.”

ड्रायव्हर बाकावर बसला. “म्हणजे माझीच चूक. मीच घातली पाण्यात.” थोड्या वेळाने तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “मालक पगारातून कापील. या महिन्यात पोरीची फी भरायची होती.”

बाहेर पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. मुलगा हातात पाना घेऊन उभा होता. त्याला या ट्रकची ओळख पटली होती. खरे तर गाडी आत वळली तेव्हाच पटली होती. आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री हीच गाडी ग्रीसिंगसाठी आली होती. मिस्त्री त्या दिवशी गावी गेले होते आणि काम मुलाने एकट्याने केले होते. दोन सीले हवी होती, दुकानात एकच मिळाले. ते त्याने डाव्या चाकाला बसवले. उजव्याचे जुने सील कडक झाले होते, त्याच्या ओठाला एका जागी चीर होती. तेवढ्यासाठी गाडी रात्रभर कोण थांबवणार? त्याने तेच पुसून पुन्हा बसवले. उशीर झाला होता म्हणून उजवे बेअरिंग डिझेलने धुतलेही नाही. जुन्या काळ्या ग्रीसवरच नवे भरले. चाक छान फिरले. टोपी बसली आणि सगळे झाकले गेले. ड्रायव्हर झोपेत होता, त्याला काही कळले नाही. त्यानंतर कोणालाच काही कळले नव्हते.

आजही कळण्याचे कारण नव्हते. पाण्याचा पुरावा समोर होता. ड्रायव्हरने दोष स्वतःकडे घेतला होता. मुलाने केवळ गप्प राहायचे होते.

मिस्त्रींनी हबच्या मागच्या बाजूचे सील काढून दिव्याखाली धरले. त्याचा रबरी ओठ त्यांनी नखाने तपासला. ते काही बोलले नाहीत. सील त्यांनी फडक्यावर ठेवले आणि म्हणाले, “पोरा, डावंही उघड. तेही त्याच पाण्यात होतं.”

मुलगा डाव्या चाकाजवळ गेला. त्याने जॅक सरकवला, खाली फळी ठेवली. पण दांडा हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. मग उठून परत आला.

“वस्ताद, डावं चांगलं निघेल.”

“कशावरून?”

“त्याला नवीन सील आहे. मीच बसवलंय, एकादशीच्या आदल्या दिवशी. उजव्याचं मिळालं नाही. जुनंच पुन्हा घातलं. आणि उजवं बेअरिंग धुतलंही नाही.” त्याचा आवाज उतरत गेला. “यांची चूक नाही.”

कोणी काही बोलले नाही. ड्रायव्हर त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि तो रास्तच होता. “अरे, घाटात काय झालं असतं, कळतंय का तुला? गाडीत एकटा मी नाही. पुढं-मागं माणसं असतात.”

“कळतंय,” मुलगा म्हणाला.

“आता कळतंय,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या शब्दांत चढा सूर नव्हता. “डावं उघड तरी. सांगण्यावर सोडायचं नाही, पाहायचं.”

डावे हब उघडले. तेच पाणी, तोच रस्ता, तोच भार. पण आतले ग्रीस अजून मधासारखे स्वच्छ होते. मिस्त्रींनी दोन्ही हबमधले बोटभर ग्रीस एका फडक्यावर शेजारी शेजारी लावले आणि ते फडके मुलासमोर ठेवले. एक दुधट राखाडी, चकाकणारे. दुसरे पारदर्शक, गडद पिवळे. त्यावर त्यांनी काहीही भाष्य केले नाही. त्याची गरजही नव्हती.

मग त्यांनी ट्रकच्या मालकाला फोन लावला. “गाडी पाण्यातून गेली हे खरं, पण सील आमच्याकडून राहिलं. नाहीतर पाणी आत शिरलं नसतं. बेअरिंगचा खर्च आमचा. तुमच्या ड्रायव्हरनं गाडी इथं थांबवली, हे चांगलं केलं.” पलीकडून बराच वेळ मोठा आवाज येत राहिला. मिस्त्रींनी तो सगळा ऐकून घेतला. फोन ठेवल्यावर ते मुलाला एवढेच म्हणाले, “पैसे माझे, मेहनत तुझी.”

रात्री ताडपत्रीच्या दोऱ्या पुन्हा एकदा आवळून घेतल्या. ड्रायव्हरने वाशीच्या आडत्याला कळवले. एका दिवसाचा बाजार गेला तो गेलाच. ते नुकसान कोणाला भरून देता येण्यासारखे नव्हते. तो गाडीतच झोपला. मुलगा मात्र झोपला नाही. त्याने दोन्ही हब डिझेलने धुतले, कानाकोपऱ्यांतले जुने ग्रीस काढले, कोरडे पुसले. उजव्या हबमधल्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या पितळी पंचाने चारी बाजूंनी थोड्या थोड्या ठोकून काढल्या. आसाचा दांडा हाताने चाचपून पाहिला. त्यावर ओरखडा किंवा निळेपणा नव्हता. आणखी शे-दोनशे किलोमीटर गाडी चालली असती, तर तसे म्हणता आले असते की नाही, कोण जाणे.

सकाळी दुकान उघडताच नवी बेअरिंगे आणि दोन नवी सीले आली. मुलाने डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत, ओढत, फिरवत राहिला. रुळांच्या फटींतून पलीकडे ग्रीसचे ठिपके येईपर्यंत एक भाग सोडायचा नाही, मग पुढचा भाग. वरवर माखलेले ग्रीस दिसायला पुष्कळ असते. आत शिरलेले तेवढेच कामाला येते. हबची पोकळी मात्र त्याने काठोकाठ भरली नाही. जास्तीचे ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि वाट काढून ब्रेकवर जाते. वंगणाचेही प्रमाण असते. कमीने चाक मरते, अतीने ब्रेक.

सीलच्या ओठाला त्याने ग्रीसचे बोट लावले आणि ते सरळ बसल्याची खात्री केली. नट आवळताना तो दुसऱ्या हाताने चाक फिरवीत राहिला, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. नंतर त्याने नट किंचित सैल केला, खेळ पाहिला आणि नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून वापरता आली असती. तिच्याकडे त्याने पाहिलेही नाही.

दुपारच्या सुमारास पाऊस थोडा विसावला. गाडी निघताना ड्रायव्हर मुलाला म्हणाला, “चल, इगतपुरीपर्यंत ये. माझ्या शेजारी बस.” त्या निमंत्रणात माफी होती, की परीक्षा, हे मुलाला कळले नाही. तो चढून बसला. दोघेही बोलत नव्हते. दोघांचेही कान उजव्या चाकाकडे होते. एका डाव्या वळणावर ड्रायव्हरने खिडकीची काच खाली केली. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर टायरांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

घाट सुरू होण्यापूर्वी गाडी कडेला थांबली. मुलगा खाली उतरला. त्याने आधी तळहाताची मागची बाजू उजव्या हबजवळ नेली, मग पूर्ण तळवा टेकवला. मग पलीकडे जाऊन डाव्यावर टेकवला. दोन्ही सारखीच कोमट होती, पोटाशी धरलेल्या पाण्याच्या पिशवीइतकीही नाहीत. तो उठून उभा राहिला आणि त्याने मान हलवली. ड्रायव्हरने हात उंचावला. ट्रक हळूहळू धुक्यात उतरत गेला. त्याचा मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मुलगा तिथेच उभा होता.

परत आल्यावर त्याने दुकानातून एक शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर पट्टीने रेघा ओढल्या. गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, कोणते चाक, सील नवे की जुने. शाळा सुटल्यापासून त्याने एवढे सलग लिहिले नव्हते. अक्षर वाकडेतिकडे येत होते. पहिली नोंद त्याने त्याच ट्रकची केली, आणि तीही एकादशीच्या आदल्या दिवसाची: ‘उजवे – सील जुने.’ त्याखाली आजची.

मिस्त्रींनी ती वही पाहिली. ती त्यांनी हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी ठेवली.

चाकाच्या आत काय आहे, हे बाहेरून दिसत नाही. टोपी एकदा बसली की चांगले काम आणि वाईट काम सारखेच चकचकीत दिसते. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस अशा कित्येक झाकलेल्या कामांवर विसंबून प्रवास करीत असतो. ती कोणी केली हे त्याला ठाऊक नसते, आणि करणाऱ्यालाही त्याचा चेहरा दिसत नाही. या दोन अनोळखी माणसांच्या मधे विश्वासाचा जो पातळ थर असतो, त्याच्यावर जग चालते. तोही वेळच्या वेळी पाहावा लागतो. आणि त्यात पाणी शिरले असेल, तर चाक उघडण्याचे धैर्य दाखवावे लागते.